पेडलमधला डास

पत्र:

सर, मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा चौघांचा बँड आहे, मी लीड गिटार वाजवतो. खरा व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अ‍ॅम्प घ्यायची ऐपत नाही, आणि घेतला तरी सोसायटीत वाजवू देणार नाहीत. म्हणून मार्शल कंपनीच्या जुन्या जेटीएम४५ अ‍ॅम्पसारखा आवाज देणारं पेडल, म्हणजे गिटारच्या पुढे लावायची डबी, स्वतःच बनवायला घेतलं. एकापुढे एक तीन जे२०१ जेफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर), शेवटी ट्रेबल, मिडल, बास. सर्किटमध्ये जेफेटच्या ड्रेन या पायाला १०० के (किलोओहम) चे प्रीसेट, म्हणजे स्क्रूने कमीजास्त करायचे रेझिस्टन्स, होते. दुकानात मिळाले नाहीत म्हणून सगळीकडे ३९ के चे रेझिस्टन्स टाकले. पेडल चालू झालं, पण आवाज डास गुणगुणल्यासारखा. तार छेडली की फाटतो आणि सूर लांबायच्या आत फडफड करून बंद पडतो. गेन पूर्ण वाढवला की शिट्टी. ऑडिओ इंटरफेसला (गिटार कॉम्प्युटरला जोडायच्या डबीला) जोडून हेडफोनवर ऐकतो. कॉलेजच्या कीबोर्ड अ‍ॅम्पवरही तेच. जेफेट दोनदा बदलले. एक मित्र म्हणतो, १८ व्होल्ट दे. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर पडून आहे, त्यातले व्हॉल्व्ह काढून सरळ खऱ्या व्हॉल्व्हचं पेडल करावं का? बँडमधल्या तिघांनी प्रत्येकी पाचशे रुपये दिलेत आणि मी ‘झालंच आहे’ म्हणून सांगून बसलोय. गॅदरिंगला पाच आठवडे उरलेत. वडील म्हणतात, एवढ्या पैशांत डास मारायच्या चार रॅकेट आल्या असत्या.
— सांगलीचा एक वाचक

उत्तर:

वडिलांना माझा नमस्कार सांग. त्यांचं वाक्य मी आतापर्यंत दोघांना ऐकवलंय.

तू बरंच काही विचारलंस, पण मी अडकलो ते ज्या वाक्यात काही विचारलेलंच नाही तिथे. ‘सगळीकडे ३९ के चे रेझिस्टन्स टाकले.’ फडफडीचं मूळ तिथे आहे. जेफेट दोनदा बदललेस ते वाया गेलं, आणि ते ३९ के तसेच ठेवून आणखी चारदा बदललेस तरी पैसेच जातील.

जेफेटला तीन पाय: प्रवाह ड्रेनमधून सोर्सकडे जातो आणि गेट त्याला आवर घालतो. जे२०१ ची डेटाशीट उघड आणि दोन आकडे बघ. पहिला आयडीएसएस, म्हणजे गेट आणि सोर्स एकत्र जोडले की ड्रेनमधून किती प्रवाह जातो: ०.२ ते १ मिलिअँपिअर. दुसरा कटऑफ, म्हणजे गेटला किती उणे व्होल्टेज दिलं की प्रवाह बंद पडतो: ०.३ ते १.५ व्होल्ट. एकाच पट्टीतल्या दोन नगांत पाचपट फरक निघाला तरी कंपनीच्या लेखी दोन्ही पास. व्हॉल्व्ह या बाबतीत पुष्कळ शहाणा. एक ईसीसी८३ (गिटारच्या अ‍ॅम्पमधला नेहमीचा छोटा व्हॉल्व्ह) काढून दुसरा घातला तर अ‍ॅम्प थोडाफार वेगळा वाजेल, पण बंद पडणार नाही.

आता हिशेब कर. समज, एका नगाचा आयडीएसएस ०.८ मिलिअँपिअर आहे आणि कटऑफ १.२ व्होल्ट. सोर्सला दीड के लावलास की तो साधारण ०.३१ मिलिअँपिअरवर स्थिरावतो. ड्रेनवर निम्मं व्होल्टेज, म्हणजे साडेचार, हवं असेल तर वरचा रेझिस्टन्स १५ के च्या आसपास लागतो. दुसरा नग घे: आयडीएसएस ०.२५, कटऑफ ०.५. हा ०.११ वर बसतो आणि त्याला ४१ के लागतो. तुझा ३९ के या दुसऱ्याला शिंप्याने माप घेतल्यासारखा बसेल. पहिल्याला लावलास तर? ०.३१ गुणिले ३९, बारा व्होल्ट. बॅटरी नऊची. देणं बाराचं आणि खिशात नऊ, म्हणजे ड्रेन तळाला जाऊन चिकटणार.

तळाला चिकटलेला ड्रेन कसा ऐकू येतो ते तू स्वतःच लिहिलंयस. तार जोरात छेडली की गेटवर मोठी लाट येते, तिच्या उणे बाजूला जेफेट क्षणभर ढिला पडतो, ड्रेन जरा वर उसळतो आणि फाटका आवाज बाहेर पडतो. सूर विरत गेला की लाट लहान होते, ड्रेन तळाचा हलत नाही, आवाज तुटतो. ही तुझी फडफड. ड्रेन वरच्या बाजूला, साडेआठच्या पुढे राहिला तर असं होत नाही. तेव्हा तो टप्पा (एक जेफेट म्हणजे एक टप्पा) नुसता मरगळतो, आवाज बारीक येतो. म्हणून मीटर न लावताही मी पैज लावतो की तुझ्या तीनपैकी निदान एका जेफेटचा ड्रेन एक व्होल्टाच्या खाली आहे.

तेव्हा आधी प्रीसेट आण. १०० के चा मिळत नसेल तर ४७ के चाही बहुतेक वेळा पुरतो. तोही नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातल्या भंगार बोर्डांवर प्रीसेट सापडतील. ते आधी मीटरने मोजून बघ. पेडल चालू कर, गेन शून्यावर ठेव, मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला आणि लाल ड्रेनला लाव आणि साडेचार येईपर्यंत स्क्रू फिरव. तिन्हींचं झालं की गिटार जोड आणि एकेक प्रीसेट अर्धा व्होल्ट इकडे, अर्धा तिकडे करून कानाने ठरव. मला पहिला टप्पा पाचच्या जवळ आवडतो आणि शेवटचा चारच्या थोडा खाली. ही माझी आवड, नियम नव्हे.

जेफेट बसवण्याआधी ते मोजायची सवय लाव. त्याला खास यंत्र लागत नाही. गेट ग्राउंडला, ड्रेन नऊ व्होल्टला, आणि सोर्स ते ग्राउंड यांच्यामध्ये मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. डिजिटल मीटरचा आतला रोध बहुधा १० मेगओहम असतो, तोच सोर्सच्या रेझिस्टन्सचं काम करतो. मीटरवर जो आकडा दिसेल तो जवळजवळ कटऑफच. मग गेट आणि सोर्स एकत्र करून मीटर मिलिअँपिअरवर घे, तो आयडीएसएस. दोन्ही आकडे कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून त्यातच तो नग टोच.

मागे मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जे२०१ ची वीस नगांची पट्टी आणली होती. रात्री जेवण झाल्यावर मोजायला बसलो. ०.६, ०.५, ०.७, सगळं सुरळीत. आठव्याला २.६ व्होल्ट. मीटरची बॅटरी गेली असेल म्हणून बदलली, पुन्हा २.६. वीसपैकी पाच नग असे निघाले. अंगावर छाप जे२०१ चा, आत कोण होतं देव जाणे. तीन पायांच्या काळ्या टोपीतला जे२०१ मोठ्या कंपन्यांनी बनवायचा थांबवला आणि नेमका तेव्हापासून तो बाजारात हवा तेवढा मिळू लागला. खात्रीचा हवा तर त्याचा चिमुकला सरफेस माउंट भाऊ, एमएमबीएफजे२०१, नावाजलेल्या वितरकाकडून घे आणि छोट्या अ‍ॅडॉप्टर पट्टीवर बसव. पहिले दोन हात थरथरून जातील, तिसरा बसतो.

मोजलेले आकडे आणखी एका कामाला येतात. दिमित्री डॅन्युक नावाच्या अभियंत्याने जेफेटला ट्रायोड व्हॉल्व्हसारखं वागायला लावणारं एक साधं सूत्र मांडलं आहे: सोर्सचा रेझिस्टन्स बरोबर ०.८३ गुणिले कटऑफ भागिले आयडीएसएस. आपल्या पहिल्या नगाला ते १,२४५ ओहम येतं, म्हणजे १.२ के टाक. दुसऱ्याला १,६६०, तिथे १.५ किंवा १.८ चालेल. मात्र सोर्सच्या रेझिस्टन्सवर कंडेन्सर लावलास की हे गणित मोडतं, कारण व्हॉल्व्हसारखा गोलावा त्या रेझिस्टन्समुळेच येतो. कंडेन्सरने गेन वाढतो हे खरं. मी पहिल्या टप्प्याला लावत नाही आणि दुसऱ्याला लावतो.

इथवर केलंस की फडफड जाईल. डास मात्र पूर्ण जाणार नाही, कारण तो दुसऱ्याच खोलीत आहे.

त्यासाठी जेटीएम४५ मुळात काय आहे ते बघावं लागेल. १९६२ साली पश्चिम लंडनमधल्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ड्रम शिकवणाऱ्या माणसाचं वाद्यांचं दुकान होतं. पोरांना अमेरिकन फेंडर अ‍ॅम्प हवे असायचे आणि आयात केलेले अ‍ॅम्प महाग पडायचे. दुकानात दुरुस्ती करणारा केन ब्रॅन आणि तरुण डडली क्रेव्हन यांनी फेंडर बासमनचं ५एफ६-ए हे सर्किट समोर ठेवलं आणि इंग्लंडमध्ये जो माल मिळेल तो वापरून अ‍ॅम्प बनवला. बासमनच्या पहिल्या जागेवर १२एवाय७ हा कमी गेनचा व्हॉल्व्ह होता, यांनी तिथे ईसीसी८३ घातला. एकाची वर्धनक्षमता चव्वेचाळीसच्या आसपास, दुसऱ्याची शंभर. पुढे आउटपुटला केटी६६ हे मोठे व्हॉल्व्ह आले. बासमनमध्ये जेन्सनचे दहा इंची चार स्पीकर उघड्या पाठीच्या खोक्यात होते. मार्शलने सेलेस्टियनचे बारा इंची चार स्पीकर बंद खोक्यात घातले. नक्कल करायला बसले आणि हाताशी होता त्या मालाने आवाज बदलून दिला. तुझ्या ३९ के सारखंच, फक्त त्यांचं नशीब बरं होतं.

आता त्या अ‍ॅम्पमध्ये गिटारचा सिग्नल कुठून कुठे जातो ते बघ. ईसीसी८३ चा पहिला टप्पा, दुसरा टप्पा, मग कॅथोड फॉलोअर (न वाढवता सिग्नलला नुसता जोर देणारा टप्पा), मग ट्रेबल-मिडल-बास. त्यानंतर फेज स्प्लिटर (सिग्नलच्या एक सुलट, एक उलट अशा दोन प्रती करणारा टप्पा), दोन केटी६६, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. जेटीएम४५ हा काही अचाट गेनचा अ‍ॅम्प नाही. हळू आवाजात तो बराच स्वच्छ वाजतो. त्याची जी ख्याती आहे ती आवाज मोठा केल्यावर मागच्या बाजूला, म्हणजे फेज स्प्लिटर आणि केटी६६ मध्ये, जो दाटपणा येतो त्याची. १९६६ साली गिटारवादक एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलच्या बँडबरोबर रेकॉर्डिंगला गेला तेव्हा त्याने अ‍ॅम्प स्टेजवर वाजवतो तेवढाच मोठा ठेवायचा हट्ट धरला. त्यात नुसता मस्तवालपणा नव्हता. अ‍ॅम्प हळू करून तो आवाज येतच नाही.

तू बनवलंस ते या साखळीचं पुढचं टोक. टोनच्या पॉटपर्यंत (फिरवायच्या बटणांपर्यंत) येऊन तुझी गाडी थांबते. सगळं फाटणं टोनच्या आधी उरकतं आणि मग तो फाटलेला माल कुठल्याही स्पीकरशिवाय थेट तुझ्या कानात पडतो. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये टोननंतर पुन्हा एकदा फाटतं. हा क्रम कागदावर किरकोळ वाटतो, कानाला मुळीच नाही. टोनच्या सर्किटमध्ये मधल्या पट्टीचा आवाज खाली बसतो आणि त्यानंतरचं फाटणं ती बसकण भरून काढतं. तू आधी फाडतोस आणि नंतर खड्डा पाडतोस, त्यामुळे वरची किरकिर आणि खालची घुमघुम तेवढी शिल्लक राहते.

म्हणून माझा मुख्य सल्ला हा: तिसरा जेफेट उचल आणि टोनच्या मागे नेऊन बसव. दोन टप्पे, मग टोन, मग एक १ मेगचा पॉट, मग तिसरा टप्पा. तो पॉट म्हणजे तुझ्या अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम. तो वाढवशील तसा तिसरा जेफेट केटी६६ चं सोंग वठवू लागेल. सोंगच, पण लांबून चालून जाणारं. त्याच्या पुढे पेडलचा खरा आवाज कमीजास्त करायला आणखी एक पॉट. पाच पॉट झाले असतील, सहा होतील. डब्याला आणखी एक भोक पाड.

दोन टप्प्यांवर गेन पुरेल का असं विचारशील. ईसीसी८३ चा एक टप्पा सहज पन्नास-साठ पट वाढवतो, जे२०१ चा तुझ्या मापात पाचपासून पंचविसापर्यंत. अ‍ॅम्पमध्ये मात्र टप्प्यांच्या मध्ये सिग्नल मुद्दाम निम्मा वगैरे करावा लागतो, कारण तिथे तीनशे व्होल्टांच्या आसपासचा पुरवठा असतो आणि पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे इनपुटला, दीडएक व्होल्टही पुरतो. नऊ व्होल्टांवर तसा निम्मा करायची चैन नको. तुझ्या सर्किटमध्ये टप्प्यांच्या मध्ये ४७० के ची जोडी असेल तर वरचा ४७० काढून तिथे १०० के टाकून ऐक.

टोनचे आकडेही तपास. जेटीएम४५ च्या टोनमध्ये स्लोप रेझिस्टन्स ५६ के आणि ट्रेबलचा कंडेन्सर २५०-२७० पिकोफॅरडचा. नंतरच्या मार्शलमध्ये ३३ के आणि ४७०-५०० पिको आले, आवाज पुढे सरसावला. जेटीएमच्या नावाखाली फिरणाऱ्या पुष्कळ सर्किटांत टोन नंतरचाच असतो. वाईट वाजत नाही, पण मग जेटीएम म्हणू नये.

आता स्पीकर. गिटारचा बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढे जवळजवळ बहिरा असतो. जेफेटच्या फाटण्यातून निघालेली सगळी बारीक किरकिर त्याच्या वर राहते आणि स्पीकरच्या कागदातच जिरून जाते. तुझा हेडफोन वीस हजारांपर्यंत इमानदारीने सगळं ऐकवतो. कीबोर्ड अ‍ॅम्पला वर ट्विटर (बारीक आवाजांचा छोटा स्पीकर) असतो, त्याचंही तेच. डास तिथे आहे.

खात्री करायला एक रुपयाही लागत नाही. इंटरफेसमधून कॉम्प्युटरवर वाजवतोसच, तर आयआर उघडणारं कुठलंही फुकट प्लगइन घे आणि चार बाय बाराच्या (बारा इंची चार स्पीकरच्या) खोक्याचा एक आयआर त्यात टाक. खऱ्या स्पीकरपुढे माइक ठेवून त्याच्या स्वभावाचा ठसा घेतलेला असतो, तो आयआर. ते सुरू करून पेडल वाजव. मला वाटतं तू खुर्चीत सरळ बसशील. एक लक्षात ठेव: पेडलचा आवाज फार मोठा ठेवलास तर इंटरफेसच स्वतः फाटतो आणि ते फाटणं भयाण असतं. लाल दिवा लागता कामा नये.

गॅदरिंगला कॉम्प्युटर नेणं नको असेल तर पेडलच्या शेवटी एक छोटा फिल्टर घाल. आवाजाच्या पॉटनंतर एक जेफेट सोर्स फॉलोअर म्हणून (सिग्नल न वाढवता नुसता जोर देणारा), त्यापुढे १० के आणि ग्राउंडला ३.३ नॅनोफॅरड, त्यापुढे १०० के आणि ग्राउंडला ३३० पिको. दोन्ही जोड्यांची कापणी ४,८०० हर्ट्झच्या आसपास येते. हे थेट इंटरफेसच्या किंवा मिक्सरच्या गिटारवाल्या इनपुटमध्ये घाल. लाइन इनपुटचा रोध कमी असतो, तिथे बहुतेक आवाज गिळला जाईल. खऱ्या खोक्याचा स्वभाव याहून पुष्कळ गुंतागुंतीचा असतो हे मान्य, पण डास बसवायला एवढं पुरतं. हा स्विचने बंद करता येईल असा ठेव, म्हणजे उद्या कोणाचा खरा गिटार अ‍ॅम्प मिळाला तर दोनदा गाळणी लागणार नाही. अँड्रू बार्टाने १९८९ मध्ये टेक२१ चं सॅन्सअ‍ॅम्प काढलं तेव्हा त्याची मेख हीच होती: अ‍ॅम्पबरोबर स्पीकरही त्या डबीत धरला होता, म्हणून ती थेट मिक्सरला लावता यायची.

शिट्टीचं थोडक्यात सांगतो. हजारपट गेन आणि इनपुट-आउटपुटच्या वायरी शेजारी-शेजारी, म्हणजे शेजाऱ्यांचं भांडण व्हायचंच. इनपुटची वायर शिल्डची घे आणि जाळी एकाच टोकाला ग्राउंड कर. नऊ व्होल्ट आत येतात तिथे १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड. प्लास्टिकच्या डब्यात बसवलं असशील तर अ‍ॅल्युमिनियमचा घे आणि तो ग्राउंडला जोड. स्टीलच्या टिफिनला भोक पाडायच्या भानगडीत पडू नकोस, मी पडलोय. बॅटरी एलिमिनेटर वापरत असशील तर आधी मीटरने तपास. स्वस्तातले एलिमिनेटर नऊ लिहून तेरा देतात आणि वर हमिंग फुकट. उलटे ध्रुव ही दुसरी खोड. पेडलच्या सॉकेटमध्ये मधली पिन सहसा उणे असते, एलिमिनेटरची पुष्कळदा अधिक. एका रात्री मी हे न बघता जोडलं आणि खोलीभर कंडेन्सरचा वास दोन दिवस राहिला. एक १एन४००१ डायोड उलटा टाकून ठेव.

मित्राच्या १८ व्होल्टांचं काय? वाईट कल्पना नाही, पण तुझ्या दुखण्यावरचं औषध ते नाही. व्होल्टेज दुप्पट केलंस की प्रत्येक टप्पा फाटायच्या आधी जास्त हलू शकतो, आवाज मोकळा होतो. पण सगळे ड्रेन पुन्हा, या वेळी नऊवर, लावावे लागतील. आणि बोर्डवरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर १६ व्होल्टांचे असतील तर आधी ते बदल. नऊवर नीट वाजायला लागलं की मग हा प्रयोग कर.

आता रेडिओ, आणि इथे मी जरा आवाज चढवणार आहे. त्याला हात लावू नकोस. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत आत अडीचशे व्होल्ट डीसी सहज असतात आणि बंद करून प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर ते धरून बसतात. एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या सेटमध्ये तर चासिस थेट मेन्सला जोडलेली असू शकते. प्लग उलटा बसला की अख्खा पत्रा जिवंत. डिप्लोमात हे वाचलं असशील, पण वाचलेलं आणि अंगठ्याला बसलेलं यात फरक असतो.

शिवाय त्यातून तुला हवं ते निघायचंही नाही. रेडिओच्या व्हॉल्व्हची जात वेगळी. आउटपुटचा ईएल८४ मिळू शकतो, व्हॉक्स एसी३० मध्ये तेच चार असतात, पण तुझं काम ईसीसी८३ चं आणि रेडिओत तो बहुधा नसतो. आणून नऊ-बारा व्होल्टांवर चालवायचा म्हटलास तरी नुसत्या हीटरला १२.६ व्होल्टांवर १५० मिलिअँपिअर लागतात; नऊची चौकोनी बॅटरी तासा-दोन तासांत झोपेल. आणि एवढ्या कमी व्होल्टेजवर उपाशी ठेवलेला व्हॉल्व्ह जेटीएमसारखा वाजत नाही, उपाशी व्हॉल्व्हसारखा वाजतो. तो रेडिओ जुन्या व्हॉल्व्ह सेटवर हात बसलेल्या एखाद्या मेकॅनिककडे ने. वाजला तर आजोबा खूश होतील आणि कदाचित तुझ्या पेडलचे राहिलेले पैसेही देतील.

पैशांवरून आठवलं. तिघांना आजच सांग. ‘झालंच आहे’ हे वाक्य मागे घ्यायला पाच आठवडे आधी जेवढी लाज वाटते त्याच्या दहापट गॅदरिंगच्या आदल्या दिवशी वाटेल. बोलावून घे, फडफडणारं पेडल ऐकव, ड्रेनवर मीटर लावून दाखव आणि प्रीसेट लावलेला टप्पा कसा वाजतो तेही दाखव. पंधराशे रुपयांत एवढा तमाशा वाईट नाही. पेडल बँडचं की तुझं, हेही तेव्हाच ठरवून टाका. बँड फुटला की अशा पाचशे रुपयांवरून फार कटुता येते. त्यातल्या एकाकडे तयार ओव्हरड्राइव्ह पेडल असेल तर तो गॅदरिंगच्या दिवशी पिशवीत असू दे. तालमीत दहा दिवस न अडखळता चाललं तरच तुझं स्टेजवर ने.

या आठवड्यात एवढंच कर: तीन प्रीसेट, तीन ड्रेन आणि आयआर लावून एकदा ऐकणं. तिसरा टप्पा हलवायचं पुढच्या रविवारी. आणि जुने ३९ के काढण्याआधी तिन्ही ड्रेनचं व्होल्टेज मोजून मला लिहून पाठव. एक व्होल्टाच्या खाली एकही निघाला नाही तर पैज मी हरलो, प्रीसेटचे पैसे माझ्याकडून.